सतराव्या बोळाचा गुरुवार

माळशेवगावात पाणी ज्ञानूमामांच्या सायकलवर बसून यायचं. म्हणायला धरण होतं, मोटारी होत्या, टेकडीवर दोन उंच टाक्या होत्या. पण गावाच्या लेखी पाणी म्हणजे पहाटे साडेपाचला सायकलच्या दांडीला बांधलेल्या त्या लांब लोखंडी चावीचा खडखडाट. तो ऐकू आला की घरोघरी नळाखाली कळशा सरकत. एक्केचाळीस बोळ, प्रत्येक बोळाच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह, आणि प्रत्येक बोळाला पस्तीस मिनिटं. एका वेळी पाच बोळ उघडायचे, ते बंद केले की पुढचे पाच. असं करत पावणेअकराच्या सुमाराला फेरी संपायची. नगरपंचायतीच्या कागदावर मामांचं नाव ज्ञानदेव खराडे आणि हुद्दा व्हॉल्व्हमन. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

गावाची एक रीत होती. ज्याच्या घरी लग्न, बारसं, पाहुणे, जास्तीचं काहीही असेल, त्यानं आदल्या दिवशी ओट्यावर तांब्या पालथा घालून ठेवायचा. मामा जाता जाता तो बघायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या बोळाला दहा-पंधरा मिनिटं पाणी जास्त मिळायचं. कुणाकडे माणूस गेलं असेल तर तांब्याचीही गरज नसे. गावातल्या पोरासोरांना ही रीत ठाऊक होती. फक्त नगरपंचायतीच्या इमारतीत तिचा उच्चार कुणी करत नसे, कारण ती कुठल्या नियमात बसत नव्हती.

मागच्या वर्षी या सगळ्यात नाडी आली. सरकारच्या एका योजनेतून गावातल्या अठराशे बेचाळीस घरांच्या नळजोडात तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र बसलं, आणि त्याचं जुळं भावंड छपरावरच्या टाकीत. दर मिनिटाला घरात पाणी किती आलं आणि टाकीतून किती उतरलं, हे ते मोजायचं. वाहत्या पाण्याच्या धक्क्यावरच त्याची बॅटरी भरायची. प्रत्येक व्हॉल्व्हलाही असंच एक, जरा थोराड, यंत्र लागलं. कागदोपत्री नाव होतं प्रवाहसंवेदक. हे एका दमात म्हणणारा माणूस गावात निघाला नाही, म्हणून झाली नाडी. सगळ्या नाड्यांचे आकडे नगरपंचायतीच्या विदासाठ्यात जाऊन पडत. त्याला कार्यालयात कोठी म्हणत. रोज त्रेपन्न लाख आकडे त्या कोठीत पडत होते, आणि वर्षभर कुणी तिचं झाकण उचलून आत डोकावलं नव्हतं.

ते काम आलं वृषाली दिघेवर. वृषाली पाणीपुरवठा विभागातली लिपिक, वय त्रेचाळीस. ‘नळास पाणी कमी दाबाने येते’ हे वाक्य तिनं उभ्या जन्मात इतक्यांदा टंकलं होतं की आता तिची बोटं ते आपोआप उमटवत. एका सोमवारी मुख्याधिकारी निनाद कुलथे तिच्या टेबलाशी आले. कुलथेसाहेब एकोणतीस वर्षांचे, पहिलीच नेमणूक, चालतानासुद्धा घाईत. त्यांनी सांगितलं की तीन आठवड्यांनी गुरुवारी योजनेच्या तपासणी अधिकारी भांबुरे मॅडम येणार आहेत. गाव पसंत पडलं तर पुढचा टप्पा मिळेल, म्हणजे आपले आपण उघडझाप करणारे व्हॉल्व्ह. त्यासाठी मोबाइलवर उघडेल असं एक पान हवं, बघताक्षणी गावाचं पाणी कळलं पाहिजे.

“तीन दिवसांचं प्रशिक्षण झालंय ना तुमचं?” असं म्हणून साहेब पसार झाले.

प्रशिक्षण झालं होतं खरं. आता असं पान करायला संगणकाची भाषा लिहावी लागत नाही, कारागीर नावाच्या कार्यक्रमाशी बोलायचं, इतकं तिला आठवत होतं. तिनं दार लोटून घेतलं, कारण यंत्राशी बोलताना कुणी ऐकलं तर उगाच चेष्टा व्हायची. कारागिरानं आधी कोठीची किल्ली मागितली. किल्ल्या दोन होत्या, एक नुसतं बघायची आणि एक बदल करायची. ज्याला फक्त बघायचंय त्याच्या हातात भांडी देऊ नयेत, असं प्रशिक्षणातल्या बाई म्हणाल्या होत्या. वृषालीनं बघायची किल्ली दिली. मग कारागिरानं विचारलं, काय दाखवू? ती म्हणाली, सगळ्या घरांचं पाणी. पडद्यावर एक गोल आला आणि त्याच्या अठराशे बेचाळीस रंगीत फाका झाल्या. सांडलेली रांगोळीही त्यापेक्षा बरी दिसली असती. तिनं सांगितलं, घरं नकोत, बोळांच्या बेरजा घे. मग म्हणाली, गोल नको, गावाचा नकाशा घे, आणि प्रत्येक बोळावर एक उभी पट्टी ठेव, बादली भरावी तशी भरत जाणारी. पट्टीवर बोट ठेवलं की आतली घरं दिसू देत.

आणि नकाशा उमटला! साडेनऊ वाजले होते. एकतीस ते पस्तीस या बोळांच्या पट्ट्या तिच्यासमोर हळूहळू वर चढत होत्या, कारण त्याच घटकेला मामा तिकडे सायकल टेकवून उभे होते. वृषालीला इतका आनंद झाला की तिनं दार उघडून शिपायाला आत बोलावलं आणि दाखवलं. आपण सांगितलं आणि काहीतरी हललं, असं तिच्या नोकरीत प्रथमच झालं होतं. त्या पानाचं नाव तिनं ठेवलं पाण्याचा फळा. सगळं झाल्यावर कारागिरानं शेवटचं विचारलं, नेहमीपेक्षा वेगळं काही आढळलं तर ते लाल करून दाखवू का? दाखव की, ती म्हणाली. पुढचं सगळं त्या दोन शब्दांनी केलं.

दुव्याचा निरोप तिनं साहेबांना पाठवला, तपासून बघा म्हणून. पण माळशेवगाव नगरपंचायतीत कुठलीही गोष्ट आली की पहिल्यांदा ‘आज पाणी आहे का’ या गावाच्या गटावर टाकायची, हे सगळ्यांच्या हाताला लागलेलं वळण. साहेबांनीही तेच केलं, वर लिहिलं, ‘आपले गाव, आपला फळा’. घरांचा कप्पा उघडाच होता, हे वृषालीच्याही ध्यानात नव्हतं आणि साहेबांच्याही. दुपारपर्यंत सबंध गाव एकमेकांच्या न्हाणीघरात डोकावून आलं.

काय हसलं गाव त्या दिवशी! निवृत्त मुख्याध्यापक गुळवे सर, ज्यांनी दोन पिढ्यांना सूर्योदयापूर्वी स्नान करायला शिकवलं, त्यांच्या टाकीतून पहिलं पाणी उतरायचं सकाळी सव्वानऊला. रोज पाणी कमी येतं म्हणून अर्ज करणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी दर रविवारी दोन तास मोटार धुतली जात होती. वृषालीच्या शेजारणींनी तिलाही सोडलं नाही. तिच्या घरी एका रविवारी नऊशे लिटर पाणी गेलं होतं, तर काय गं, हत्ती बांधलायस का परसात, असं विचारून त्यांनी तिला हैराण केलं. तिनं गोधड्या धुतल्या होत्या. हसता हसता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तासाभरात घरांचा कप्पा बंद केला आणि त्याला साहेबांच्याही हाती न देता कुलूप घातलं. लोकांनी चार दिवस थट्टा केली आणि विसरून गेले. गुळवे सर मात्र आठवडाभर फिरायला आले नाहीत.

पण लाल पट्ट्या तशाच राहिल्या. चार महिन्यांत सत्तावीस वेळा कुठल्या ना कुठल्या बोळाला ठरल्यापेक्षा जास्त पाणी गेलं होतं. आणि अठ्ठाविसावी लाल पट्टी सतराव्या बोळाची, दर गुरुवारी, न चुकता, वीस मिनिटं. त्या बोळाचं आणखी एक विचित्र होतं. व्हॉल्व्हमधून निघालेलं पाणी आणि घरांत पोचलेलं पाणी यांची वजाबाकी केली की दर गुरुवारी चारशे लिटर, म्हणजे दोन मोठी पिंपं, कुठंच पोचत नव्हती. कुणाच्याच घरी नाही.

कुलथेसाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांनी ज्ञानूमामांना बोलावून घेतलं. मामा टोपी हातात घेऊन उभे राहिले. साहेबांनी शांतपणे विचारलं, मर्जीतल्या लोकांना जास्त पाणी देता का? मामा म्हणाले, सगळी मर्जीतलीच आहेत. मग सतराव्या बोळाचं विचारलं, तर मामा मूग गिळून बसले. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, नाही ते नाहीच. साहेब वाईट नव्हते, पण नवे होते. त्यांनी सांगितलं की गुरुवारपर्यंत खुलासा आला नाही तर तपासणी अहवालात हे लिहावं लागेल. मग हाताने चालणाऱ्या व्हॉल्व्हमुळे पाणी वाया जातं असं ठरेल, आणि व्हॉल्व्हमनचं पद लगेच रद्द होईल. एकोणतीस वर्षं नोकरी केलेला माणूस शेवटी ठपका घेऊन घरी जाणार होता, आणि तो ठपका वृषालीनं केलेल्या पानावर लाल रंगात उमटला होता.

आपण आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं आणि त्यानं पहिल्यांदा ज्ञानूमामांनाच गाठलं, याची तिला शरम वाटली. आणि मग तिला तिचे वडील गेले तो दिवस आठवला. एप्रिल महिना, घरात तीस-चाळीस माणसं, सगळ्यांच्या आंघोळी, आणि त्या दिवशी नळ आटलाच नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, देवानंच पाणी सोडलं. दहा वर्षांनी आज फळ्याकडे बघताना तिला कळलं की त्या देवाकडे एक सायकल होती.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली आणि तिनं बदल करायची किल्ली मागितली. फळ्याला आकडे कळतात, कारण कळत नाही, ती म्हणाली. प्रत्येक लाल पट्टीखाली एक रिकामा चौकोन देऊ या, ज्याला कारण माहीत आहे त्यानं ते लिहावं. साहेबांनी किल्ली दिली. त्यांनाही मनातून सुटका हवीच होती. चौकोन गावाच्या गटावर गेला आणि दोन दिवसांत भरू लागला. सहाव्या बोळानं लिहिलं, धाकटीचं लग्न. एकतिसाव्यानं लिहिलं, आमचे आबा गेले. चौदाव्यानं लिहिलं, जुळी झाली, दोन्ही मुली, पेढे घ्यायला या. नवव्या बोळात गुळवे सरांनी स्वतः लिहिलं, की पत्नीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभर पथ्याचं सगळं उकळावं लागे आणि खराडे यांनी न सांगता पाणी वाढवलं. सत्तावीस पट्ट्यांचा रंग बदलून हळदीसारखा पिवळा झाला. बारशांचे एवढे फोटो आले की गटाचं नावच बदला, असं कुणीतरी सुचवलं.

सतराव्या बोळाचा अठ्ठाविसावा चौकोन मात्र रिकामाच. बोळातल्या लोकांना विचारलं तर म्हणाले, आमच्या टाक्या तर अर्ध्या तासात भरतात, वर पाणी कशाला हवंय?

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी वृषाली साडेसातलाच सतराव्या बोळात जाऊन उभी राहिली. बोळ आडवा जातो आणि शेवटी बाजारतळाच्या मागच्या भिंतीला भिडतो. गुरुवार बाजाराचा दिवस. डोंगरवाड्यांवरून पहिली जीप आली होती. पाट्या उतरवत बायका भिंतीला वळसा घालून मागं जात होत्या, आणि परत येताना त्यांचे पाय ओले होते. वृषाली त्यांच्यामागून गेली. भिंतीच्या मागं करंजाच्या सावलीत एक सिमेंटचं टाकं होतं आणि त्यावर एक पितळी नळ, चांगला धो धो वाहत होता. कुणी तोंड धुत होतं, कुणी दिवसभराच्या बाटल्या भरून घेत होतं. एकीनं मेथीच्या जुड्यांवर पाणी मारलं आणि तेच ओले हात पोराच्या तोंडावरून फिरवले. पलीकडे ज्ञानूमामा चावीवर हात टेकवून उभे होते. वृषालीला बघून त्यांचा चेहरा उतरला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी योजना आली तेव्हा आदेश निघाला होता की गावात नाडी नसलेला एकही नळ राहता कामा नये. तेव्हाच्या साहेबांनी मामांना सांगितलं, सार्वजनिक नळ होते ते सगळे बुजवून टाका. मामांनी सहा बुजवले. हा सातवा त्यांच्यानं झाला नाही. बाजारकरणी पहाटे तीनला उठून निघतात, सात वाजता पोचतात, आणि भाजी विकायला आलेल्या बाईला गावात प्यायला पाणी मागायचं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. हे सगळं सांगून मामा थांबले.

“मग साहेबांना का नाही सांगितलंत, मामा?”

“सांगितलं असतं तर नळ गेला असता, ताई. मी तर जाणारच हाय चौदा महिन्यांनी. नळ राहू दे की.”

वृषालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती टाक्यावर वाकून चूळ भरल्यासारखं करू लागली. बाजूला हौसाबाई नावाची एक म्हातारी पाय धूत होती. तिनं हिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरकून जागा करून दिली.

कार्यालयात येऊन तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे तो जुना आदेश शोधला आणि सावकाश, एकेक शब्द वाचला. सतरा वर्षं सरकारी कागद हाताळल्याचा काही तरी उपयोग व्हायलाच हवा होता. आदेशात नळ बुजवा असं कुठंही नव्हतं. नाडी नसलेला नळ नको, एवढंच होतं. वृषाली खुर्चीत मागं रेलून एकटीच हसली. मग तिनं भांडारातली पेटी उघडली. योजनेतल्या आठ नाड्या त्यात शिल्लक पडल्या होत्या.

साहेब आधी घाबरले. मग त्यांनी आदेश दोनदा वाचला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, “बसवा. पण दिघे ताई, मॅडमनी विचारलं तर मी काय सांगू?”

“जे फळ्यावर दिसेल तेच, साहेब.”

मंगळवारी प्लंबरनं नाडी बसवली. नोंद करताना कोठीनं नळधारकाचं नाव मागितलं, आणि ते भरल्याशिवाय ती पुढं सरकेना. वृषालीनं वाडीवरच्या एका दुकानात फोन करून हौसाबाईला गाठलं आणि तुमचं नाव लिहू का म्हणून विचारलं. हौसाबाई म्हणाली, “माझं एकलीचं कशाला? सगळ्यांचं लिव.” तर कोठीत अठराशे त्रेचाळिसावा नळ अशा रीतीनं नोंदला गेला. घर, सतरावा बोळ, भिंतीमागं. नळधारक, सगळ्यांचा.

गुरुवारी सकाळी पाणी चालू असतानाच भांबुरे मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर सरकवून बघणाऱ्या, आणि कुठल्याही सादरीकरणाला तोंडदेखलं छान म्हणायची सवय नसलेल्या. भिंतीवर फळा मोठा करून लावला होता. पट्ट्या चढत होत्या, साहेब टप्प्याटप्प्यानं समजावत होते, आणि त्या दिवसापुरती चावी प्लंबरच्या हाती देऊन ज्ञानूमामा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. सातपन्नासला सतराव्या बोळाची पट्टी ठरल्या रेषेच्या वर गेली आणि पिवळी झाली. मॅडमनी हात वर करून साहेबांना थांबवलं. हे काय, त्यांनी विचारलं. वृषालीनं पट्टीवर बोट ठेवलं. खाली चौकोन उघडला, त्यात लिहिलं होतं: बाजाराच्या बायका, पाय धुवायला आणि प्यायला, वीस मिनिटं.

मॅडमनी आदेश मागवला. तोही वाचला. मग त्यांनी बाकीच्या सत्तावीस पिवळ्या पट्ट्यांवर एकेक करून बोट ठेवलं, आबा, धाकटीचं लग्न, जुळ्या मुली, गुळवे सरांचं ते लांबलचक शुद्ध मराठी. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा खाली ओढला आणि दाराकडे बघितलं.

“हे सगळं तुमच्या डोक्यात असतं?”

“डोक्यात कुठलं, मॅडम,” मामा म्हणाले. “ओट्यावर दिसतं.”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. नवे व्हॉल्व्ह मंजूर झाले, पण त्यांनी शेरा लिहिला तो असा की व्हॉल्व्ह उघडझाप करतील, आणि नियमाशी कधी वाकडं वागायचं हे त्यांना वर्षभर खराडे शिकवतील. पद निवृत्तीपर्यंत कायम. साहेबांचा जीव भांड्यात पडला. मामांना शेरा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, मला चौथीपर्यंतच शिकवलंय, मी आता कुणाला शिकवू? आणि बाहेर जाऊन त्यांनी बराच वेळ सायकलचं सीट पुसलं.

शिकवलं मात्र त्यांनी मन लावून. नवे व्हॉल्व्ह बसले, तरी मामा पहाटे निघायचेच. कुठं जास्त पाणी द्यायचं तिथं ते मोबाइलवर कारण बोलायचे आणि ते कोठीत जायचं. तांब्याचं एक चित्रही वृषालीनं फळ्यावर ठेवलं होतं. ज्याला हवं त्यानं त्याला बोट लावलं की ते पालथं होई. पण निम्मं गाव अजून खराच तांब्या पालथा घालायचं, मामांसाठी. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. नारळ, शाल, गुळवे सरांचं भाषण, सगळं यथासांग झालं. सत्काराच्या दिवशी मामांच्या बोळातल्या सगळ्या ओट्यांवर तांबे पालथे होते.

त्यानंतर तीन महिन्यांनी गावची यात्रा आली. यात्रा गुरुवारी, म्हणून बाजार एक दिवस आधी, बुधवारी भरला. हे आदल्या बाजारातच तोंडी ठरलं होतं, नेहमीसारखं. बाजारकरणींनी एकमेकींना सांगितलं, विषय संपला. व्हॉल्व्हना सांगायला हवं, हे वृषालीनं मनाशी ठरवलं आणि साफ विसरून गेली. बुधवारी सकाळी साडेआठला, केसांत फणी अडकलेली असताना, तिला आठवलं. मेलं! म्हणत तिनं फळा उघडला.

सतरावा बोळ. पट्टी पिवळी. सातपन्नासपासून वीस मिनिटं जास्तीचं पाणी. चौकोनात एकच शब्द: बाजार.

तिनं मामांना फोन लावला. मामा भिंतीमागंच होते. मशीनला आजचा बाजार कुणी सांगितला नसेल या धास्तीनं सायकलला दोन कॅन बांधून ते पावणेआठलाच तिथं गेले होते, आणि कॅन उतरवायच्या आत जास्तीचं पाणी सुरू झालं होतं. आता ते तिथंच टेकून हौसाबाईबरोबर चहा पीत होते.

“तुम्ही सांगितलंत का त्याला, मामा?”

“मी कशाला? मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत.”

साहेबांनीही सांगितलं नव्हतं. तेव्हा वृषालीनं फळ्यालाच विचारलं, तुला बाजार कसा कळला? उत्तर लगेच उमटलं. तिसऱ्या आणि सहाव्या बोळात आज टाक्यांतून पाणी पाऊण तास आधी उतरलं. इतक्या लवकर ते फक्त गुरुवारी उतरतं. तिसऱ्या आणि सहाव्या बोळात बाजारातल्या दुकानदारांची घरं होती. तिनं हे फोनवर वाचून दाखवलं तर मामा खो खो हसले. म्हणाले, माझ्यापेक्षा पोरगं हुशार निघालं, मी ओट्यावर बघायचो, हे घरात बघतंय. आणि ते खरंच खूश होते, एखाद्या मास्तरानं व्हावं तसे.

वृषालीही हसली. हसता हसता तिची नजर नकाशावर खाली, बाविसाव्या बोळावर गेली. तिचा बोळ. तिथं एक फिकट पिवळा ठिपका होता, आज पहिल्यांदाच. तिनं बोट ठेवलं. या बोळात एका घरी, फळ्यानं लिहिलं होतं, गेले तीन दिवस पहाटे चारला पाणी उतरतं. खाली चौकोन रिकामा.

तीन दिवसांपूर्वी तिला जिल्ह्याच्या ठिकाणाहून पत्र आलं होतं, चाळीस गावांचे फळे तुम्ही करून द्याल का म्हणून. जावं की राहावं, या विचारानं तिला पहाटेच जाग येत होती आणि ती उठून चहा करत बसत होती. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, साहेबांना नाही, मामांना नाही. घरांचा कप्पा तिनंच कुलपात घातला होता, गावापासून आणि साहेबांपासून. फळ्यापासूनही तो कुलपात घालावा, असं मात्र त्या वेळी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

फोनवर मामा हॅलो हॅलो करत होते. चौकोन उघडा होता, कुणीतरी कारण लिहावं याची वाट बघत. आपण लिहिलं तर ते फळ्याला कळेल, हे तिला ठाऊक होतं; पण नाही लिहिलं, तर आणखी किती पहाटेंनी फळा स्वतःच तो चौकोन भरेल?